कोमुरव्वानं आवाज परत मागितला

तंगेडपल्लीत कोमुरव्वाचं घर कुणाला विचारावं लागत नाही. वेशीवरच्या चिंचेखाली घडीभर उभं राहावं, कान द्यावा आणि आवाजाच्या मागं चालत जावं. तो आवाज तिला आईकडून आला. आई या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाशी घरातल्या गोष्टी बोलायची. कोमुरव्वाचंही तसंच. हळू बोलणं तिला जमत नाही असं नाही. हळू बोलायचं कशासाठी, हेच तिला कधी उमगलं नाही.

ती सातवीपर्यंत शिकली. सातवीला किनाऱ्याकडच्या मुलखातले, जिथलं बोलणं शुद्ध मानतात तिथले, एक मास्तर होते. धडा वाचताना पोरगी अक्षर चुकत नसे, पण पुस्तक मिटलं की आपल्या घरच्या बोलीत बोलू लागे आणि मास्तर तिला बाकावर उभं करत. "गुरं राखणाऱ्यांचं बोलणं वर्गात नको," ते म्हणत. ती बाकावरून म्हणाली, "सारू, आमच्या घरी गुरं आहेतच की." त्यापायी आणखी आठवडाभर बाक. पुढच्या वर्षी ती शाळेत गेली नाही, विड्यांचं सूप मांडीवर घेऊन आईशेजारी बसली. आता चव्वेचाळीसची आहे, सूप अजून मांडीवरच आहे.

विड्या वळणाऱ्या बाईची बोटं आपोआप चालतात. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, टोक मुडपायचं, दोरा बांधायचा. डोळ्यांना त्यात काम नाही आणि तोंडाला तर मुळीच नाही. म्हणून तंगेडपल्लीच्या ओट्यांवर सकाळपासून दिवे लागेपर्यंत जे बोललं जातं, तेवढं बोलणं कुठल्या कचेरीत वर्षभरात होत नसेल. कोमुरव्वाचा नवरा एल्लय्या एकोणीस वर्षं मस्कतला आहे. दोन वर्षांनी एकदा येतो, एरवी फोनमध्ये बोलून पाठवतो. घरात ती आणि सासू, लस्मव्वा. सासूला ती अत्ता म्हणते, आणि दोघींचं भांडण म्हणजे ओट्याची करमणूक. पन्नास वर्षं तंबाखूची धूळ गिळून लस्मव्वाची छाती भरली आहे. थंडीत ती पाठीला गाठोडं लावून बसून झोपते.

मागल्या थंडीत गावाला एक नंबर मिळाला. हैदराबादची एक संस्था होती. फोन लावायचा, आपलं दुखणं बोलून सांगायचं. पलीकडं माणूस नाही, मशीन ऐकतं, काय करायचं ते सांगतं, लागलं तर गाडी धाडतं. एका पहाटे लस्मव्वाला दम लागला. कोमुरव्वानं नंबर लावून फोन तिच्या तोंडाशी धरला.

"छातीत कोंबडं बसल्यागत खुरखुरतंय रे बिड्डा," म्हातारी मशीनलाही लेकरू म्हणत बोलली, "चार पावलं टाकली की भाता फुटतोय."

मशीन गोड आवाजात म्हणालं, "क्षमा करा, कृपया पुन्हा सांगा."

म्हातारीनं पुन्हा सांगितलं. मशीननं पुन्हा क्षमा मागितली. तिसऱ्यांदा क्षमा मागून फोन बंद झाला. मग शेजारच्या पोराची रिक्षा काढून तिला मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावी नेली, दवाखान्यात वाफ दिली, दुपारी दोघी परत आल्या. म्हातारी बरी झाली, पण दुखावली. "सत्तर वर्षं बोलतेय मी," ती ओट्यावर सगळ्यांना सांगे. "माणसाला कळतं, म्हशीला कळतं, मस्कतला बसलेल्या पोराला कळतं. ह्या मेल्यालाच कळेना?"

बऱ्याच जणींना हाच अनुभव आला असणार, कारण पावसाळा सरता सरता संस्थेचे साहेब, श्रीहर्ष सारू, स्वतः गावात आले. सडपातळ, चष्म्याचे, बोलायला मऊ. म्हणाले, मशीनला इकडचं बोलणं शिकवायचं आहे, त्यासाठी इकडच्याच साठ बायकांचे आवाज हवेत. कुणी दुखणं कसं सांगतं ते रेकॉर्ड करायचं आणि मग ऐकून जसंच्या तसं लिहून काढायचं. दसऱ्यानंतर शिकवणी सुरू होणार. एकदा मशीन शिकलं की पुढची काही वर्षं तेच चालणार.

"आवाज गोळा करायला बाई हवी. सगळ्यांना ओळखणारी. लिहिता येणारी."

ओट्यावरच्या दहा जणींनी एकदम कोमुरव्वाकडं बोट केलं.

तिला एक फोन मिळाला आणि कागदांचा गठ्ठा. प्रत्येक बाईनं कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा. कोमुरव्वा कुठलाही कागद वाचल्याशिवाय पुढं सरकवत नाही. तिनं तो साठ वेळा मोठ्यानं वाचून दाखवला: आवाज माझा आहे, मी तो खुशीनं देते आहे, वाटेल तेव्हा परत मागू शकते.

आणि इथं तंगेडपल्लीच्या बायकांनी ती चूक केली, जी तंगेडपल्लीच्याच बायका करू शकतात. त्यांनी मशीनची इज्जत केली.

आमच्याकडं पाहुणा आला, कलेक्टर आला, लग्नाची बोलणी करायला कुणी आलं, की घरचं बोलणं आत ठेवायचं आणि टीव्हीवर बातम्या देतात ते बोलणं बाहेर काढायचं, अशी रीत आहे. पितळी तांब्या काढतात ना, तसं. भूलक्ष्मी आवाज द्यायला आली ती न्हाऊन, पावडर लावून, केसात फूल माळून. रमीजा इस्त्रीची साडी नेसून आली. कुणी गावातल्या शाळेच्या दामोदर मास्तरांकडून चार ओळी लिहून घेतल्या आणि पाठ केल्या. लस्मव्वानं तर फोनला आधी हात जोडले, मग म्हणाली, "नमस्कार. माझे नाव लस्मव्वा आहे. मला श्वास घेण्यास त्रास होत असून छातीत वेदना जाणवत आहेत. धन्यवाद."

कोमुरव्वा समोरच बसलेली होती. पण समोर माणूस दिसत असलं की कान आळशी होतात. तिला वाटलं, किती झकास बोलल्या सगळ्या! आवाज रोजच्या रोज हैदराबादला गेले. श्रीहर्ष सारूंचा निरोप आला, "फारच सुंदर, अक्का! असं स्पष्ट काम कुठल्याच गावातून आलं नाही."

मग लिहायची वेळ आली. ती फोनची बोंडं कानात घालून घरात एकटी बसली. डोळ्यापुढं आता भिंत होती, माणूस नव्हतं. पहिला आवाज ऐकला. दुसरा ऐकला. पाचव्याला ती थांबली. कोण बोलतंय ते तिला ओळखू येईना.

जिच्याबरोबर ती ओढ्यात डुंबली ती भूलक्ष्मी कुठली, आणि जिची बाळंतपणं हिनं काढली ती रमीजा कुठली, हे नाव वाचल्याशिवाय कळेना. साठ बायका होत्या आणि साठही एकीसारख्या: सगळ्याच बातम्या देणाऱ्या. अंधारात खोकल्यावरून ती गावातलं माणूस ओळखते. पण तिच्याच हातच्या ह्या आवाजांत गाव कुठंच नव्हतं. दसऱ्यानंतर मशीन हे शिकणार. मग पुढच्या थंडीत अत्ताला दम लागेल, ती कोंबडं म्हणेल, भाता म्हणेल, आणि मशीन क्षमा मागत बसेल. वर्षानुवर्षं. कारण त्याला सांगितलेलं असेल की तंगेडपल्लीत असंच बोलतात.

ती उठून ओट्यावर आली. "अत्ता," ती म्हणाली, "तू मशीनशी खोटं बोललीस."

"मी? चांगले हात जोडले की!"

"तेच तर."

दुसऱ्या दिवसापासून तिनं पुन्हा सुरुवात केली. या वेळी कुणाला घरी बोलावलं नाही. फोन सुपात ठेवला, पानांच्या चवडीवर, आणि सूप ओट्याच्या मधोमध. "बायांनो, हा ऐकतोय. रोज बोलता तसं बोला. माझ्याकडून वेगळं काही विचारणार नाही. नको असेल तिनं उठून जावं." कुणी उठली नाही. पण लस्मव्वानं पदर सारखा करून पुन्हा, "नमस्कार, माझे नाव..." काढलं.

कोमुरव्वानं तिच्या सुपातली एक विडी उचलली, उन्हात धरली. "अत्ता, ही विडी आहे का उंदराची शेपूट? हल्ली तुझा हात गेलाच."

"काय म्हणालीस?"

"गेला म्हणतेय. छातीचं निमित्त करतेस, कामाचा कंटाळा आहे नुसता."

म्हातारी फुटली. "निमित्त? अगं चटके बसो तुझ्या जिभेला! रात्रभर हा भाता घरघरतो तो तुला ऐकू येत नाही, कुंभकर्णाची बहीण! आडवी झाले की छातीवर जातं बसतं. जिना चढून वर ये म्हणतेस, चढले की डोळ्यापुढं काजवे. निमित्त म्हणे! तुझ्या नवऱ्याला पोटात धरून मी पानं कापली आहेत!"

"आणि ताडीचा गडू दिसला की दम कुठं जातो गं?" भूलक्ष्मीनं मधेच विचारलं.

"ताडीनं सुटतो दम. डॉक्टरला काय कळतंय."

"माझं दुखणं पण सोडव मग ताडीनं," रमीजा हसत म्हणाली. "माझे हे दोन आंगठे सकाळी उठले की लाकूड होतात. तवा धरला की सुटतो. आणि कंबरेत अशी सुरी चालते, अशी, इकडून तिकडं."

"तुझी सुरी, माझं तर पोटात वळवळतं, महिन्याचे चार दिवस तर..."

आणि ओटा वाहू लागला. पुढचे दहा दिवस वाहत होता. कात्र्यांची किरकिर, दोघी-दोघी एकदम बोलणं, हसणं, शिव्या, एकीचं रडणंसुद्धा. कोमुरव्वा संध्याकाळी भिंतीकडं तोंड करून ऐकायची आणि एकही नाव न वाचता सांगू शकायची, ही कोण, तिच्या शेजारी कोण बसलंय, आणि ती आत्ता कुठल्या बाजूला कलली आहे. तिनं सगळं तसंच लिहिलं. भाता फुटतो म्हणाली तर भाता फुटतो लिहिलं. शिवी दिली तर शिवी लिहिली. मग धाडलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"अक्का, हे काय पाठवलंत?"

"आवाज, सारू. तुम्हीच मागितले होते."

"पहिले किती छान होते! यात मागं कसला तरी आवाज, कुणी कुणाला बोलू देत नाही, शिव्या आहेत. हे छाटावं लागेल हो."

छाट हा शब्द तिला जन्मापासून ठाऊक. विड्या मोजून घेणारा डेपोवरचा माणूस कट्ट्यातल्या, म्हणजे जुडीतल्या, विड्या वाईट म्हणून बाजूला फेकतो आणि त्यांचे पैसे देत नाही, ती छाट. "त्यांना जरा नीट बोलायला सांगा ना," सारू म्हणत होते.

"सारू, दुखत असताना नीट कोण बोलतं? तुमची आई बोलते?"

मग सारू आणखी मऊ झाले. "बरं, मधला मार्ग काढू. आवाज राहू देत. लिहिताना तेवढं तुम्ही शुद्ध लिहा. त्या भाता म्हणाल्या तर तुम्ही लिहा, श्वसनास त्रास. मी पास करतो. तुमचंही काम झालं, माझंही झालं."

त्या शाळेतल्या मास्तरांनी तिला एकटीला बाकावर चढवलं होतं. आता तिनं स्वतःच्या हातानं साठ जणींना चढवायचं होतं, आणि त्यांना कळणारही नव्हतं.

"नाही लिहिणार," ती म्हणाली.

"मग पहिलेच वापरतो, अक्का. ते आहेतच आमच्याकडं. आणि हा फोन शुक्रवारी परत द्या. पुढचं काम दुसऱ्या कुणाला देऊ."

त्या संध्याकाळी तिनं ओट्यावर सगळं सांगितलं, लपवलं नाही. स्वतःचं काम जातंय हेही सांगितलं. दामोदर मास्तर येऊन उभे होते. त्यांना वाईट वाटलं. "मी चांगलं लिहून दिलं होतं, कोमुरव्वा. गावाची शोभा राहावी म्हणून."

"शोभा लग्नात ठेवू, मास्तर. दम लागल्यावर शोभेचं काय करू?"

मग ती म्हणाली, "कागदावर लिहिलंय, आवाज आपला, वाटेल तेव्हा परत मागता येतो. पहिले परत मागायचे. सगळ्यांनी."

"माझा?" भूलक्ष्मी किंचाळली. "पावडर लावून बोलले होते मी!"

"पावडर तुझ्याकडंच राहील."

हसू आलं, पण भीतीही होती. एक म्हणाली, नंबरच बंद केला तर? दुसरी म्हणाली, आहे ते तरी असू दे. तेव्हा रमीजानं हातातली कात्री खाली ठेवली. "डेपोवाला छाट जास्त काढतो तेव्हा आपण काय करतो? ओरडतो? दुसऱ्या दिवशी डेपोवर विड्यांचं पान उचलायला कुणी जात नाही. तिसऱ्या दिवशी तोच फटफटी घेऊन येतो. हेही तसंच. आवाज उचलू द्यायचा नाही."

तेवढं सगळ्यांना कळलं. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. साठ कागद झाले, साठ सह्या आणि अंगठे. कोमुरव्वानं त्यांचे फोटो काढून हैदराबादला धाडले. प्रत्येकावर एकच ओळ: माझा पहिला आवाज परत द्या.

शुक्रवारी मोटार आली. श्रीहर्ष सारू उतरले, ओट्यापाशी आले. तीसेक बायका सुपं घेऊन बसल्या होत्या. बोटं चालत होती, कात्र्या चालत होत्या, आणि तोंडं बंद. विड्या वळणाऱ्या बायका गप्प बसलेल्या तंगेडपल्लीनं कधी पाहिल्या नव्हत्या. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघू लागली.

"नमस्कार, अम्मा," सारू लस्मव्वाला म्हणाले. म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं आणि दोऱ्याची गाठ मारली. "भूलक्ष्मीअक्का, बऱ्या आहात ना?" भूलक्ष्मीनं मान खाली घातली, तिचे गाल हसू दाबून फुगले होते.

"काय झालंय यांना?"

"आवाज परत घेतलाय, सारू," कोमुरव्वा म्हणाली. "मग बोलणार कशानं? बसा. चहा घ्या."

ते पायरीवर बसले. चहा आला. कात्र्यांच्या त्या किरकिरीत त्यांना आपलाच घोट गिळल्याचा आवाज ऐकू येत असावा. त्यांनी पेला अर्ध्यावर ठेवला. "अक्का, माझ्यावर पण वरचे लोक आहेत. साठ आवाज मिळाले म्हणून मी त्यांना कळवून बसलोय."

"मग साठ आहेतच. सुपातले."

"ठीक. दोन्ही घेतो. पहिले पण, दुसरे पण. झालं?"

"पहिले नाही."

"का? त्यानं तुमचं काय बिघडतं?"

कोमुरव्वा उठून उभी राहिली. आवाज तिनं चढवला नाही. तो मुळातच मोठा होता. "सारू, त्या साठ जणी कोण आहेत आम्हाला माहीत नाही. मी ऐकल्या. त्या इथं राहत नाहीत. त्यांना पोरं होत नाहीत, त्यांचे आंगठे आखडत नाहीत, त्या कुणावर चिडत नाहीत. तुमचं मशीन त्यांची सेवा करेल, आणि आम्ही फोन धरून बसू. आमचं दुखणं हवंय ना? ते आमच्या तोंडातूनच बाहेर पडतं. धुऊन देणार नाही. लिहिलंय त्यातला एक काना हलवायचा नाही. नको असेल तर तंगेडपल्लीचं नावच काढून टाका. पण आमच्या नावावर परक्या बायका बसवू नका."

सारू चष्मा पुसत राहिले. मग उठून चिंचेखाली गेले आणि फोनवर बोलू लागले. फार वेळ बोलले. एकदा त्यांचा आवाजही चढला. ओट्यावरून सगळ्या बघत होत्या, बोटं चालू होती. परत आले तेव्हा त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"दुसरे घेताहेत," ते म्हणाले. "लिहिलंय तसेच. पहिले पुसून टाकले, तसं कागदावर लिहून देतो. तुमचं पुढचं काम मात्र... ते मला नाही वाचवता आलं, अक्का."

"मी विचारलं नव्हतं," कोमुरव्वा म्हणाली आणि त्यांचा फोन त्यांच्या हातावर ठेवला.

"झालं का गं?" लस्मव्वा कळवळून ओरडली. "बोलू का आता? जीभ सुकून लाकूड झाली!" आणि ओटा असा फुटला की झाडावरचे कावळे उडाले.

आवाज गोळा करायचं काम पुढच्या गावात दुसऱ्या बाईकडं गेलं. कोमुरव्वाचं सूप मांडीवर आहे. संक्रांतीनंतर नंबर नव्यानं सुरू झाला. मशीन आता बरंच ओळखतं, सगळं नाही. नव्या सुनेसारखं मधेच अडतं आणि क्षमा मागतं. तेव्हा तंगेडपल्लीत कुणी बातम्यांचं बोलणं बाहेर काढत नाही. लस्मव्वा फोन तोंडाजवळ ओढते, म्हणते, "नीट ऐक, बिड्डा," आणि तेच शब्द, तसेच, जरा मोठ्यानं सांगते.